यूएसबी ध्वनिमुद्रणासाठी लॅपटॉप: कोणता घ्यावा आणि त्याची जुळवणी कशी करावी?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या गुरुजींच्या घरी नियमित बैठक होते. दोन तंबोरे, तबला, संवादिनी आणि गायन एवढाच सरंजाम असतो. गुरुजींचे वय पाहता या बैठकी जतन व्हायला हव्यात, म्हणून आम्ही शिष्यांनी वर्गणी काढून चार माइकचा एक ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज यूएसबीवरून लॅपटॉपला देणारी पेटी) घेतला आणि घरातल्याच एका लॅपटॉपला जोडून मुद्रण सुरू केले. माइक चांगले आहेत, पातळीही नीट लावलेली असते. परंतु मुद्रण ऐकताना मधूनच ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तबला चालू असताना तो झाकला जातो, पण आलाप आणि तंबोरे एवढेच चालू असले की तो फार बोचतो. एका बैठकीत तर जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा तुकडाच नाहीसा झाला, आणि तोही तिहाई घेऊन समेवर येण्याच्या जागी.

लॅपटॉप चार-पाच वर्षांपूर्वीचा आहे: आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि विंडोज ११. दुकानात चौकशी केली तेव्हा वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप घ्या, तो सगळ्यात वेगवान असतो, असा सल्ला मिळाला. त्याची किंमत आमच्या वर्गणीच्या आवाक्याबाहेर आहे, तरी तोच उपाय असेल तर पुन्हा वर्गणी काढण्याची तयारी आहे. जाणकारांनी कृपया सांगावे: वेगवान लॅपटॉप घेतल्याने हा प्रश्न सुटेल का? की दोष दुसरीकडेच आहे?

तारयंत्र

मंद्रसप्तक, नवा लॅपटॉप घेण्याआधी हा प्रतिसाद वाचावा अशी विनंती. तुमच्या वर्णनावरून अडचण वेगाची नसून वेळेची दिसते.

आधी आकडे पाहू. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ध्वनीचे ४८ हजार नमुने) आणि २४ बिट (प्रत्येक नमुन्याची माहिती) या मापाने चार वाहिन्यांचे मुद्रण केले, तर सेकंदाला सुमारे पावणेसहा लाख बाइट्स, म्हणजे साधारण ४.६ मेगाबिट एवढी माहिती लॅपटॉपकडे येते. यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. एवढी माहिती साठवणे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कलाही जड जात नाही, मग एसएसडीची गोष्टच सोडा. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही क्षमतेच्या दृष्टीने या कामाला पुरून उरतो.

अडचण येते ती यूएसबीवरून ध्वनी ज्या पद्धतीने येतो तिच्यामुळे. पेन ड्राइव्हवर फाइल उतरवताना एखादा तुकडा बिघडला, तर तो पुन्हा मागवला जातो. ध्वनीसाठी मात्र ‘आयसोक्रोनस’ नावाची पद्धत वापरतात. तिच्यात ठरलेल्या वेळी ठरलेली जागा मिळण्याची हमी असते, परंतु हुकलेला तुकडा पुन्हा पाठवण्याची सोय नसते. हायस्पीड यूएसबीवर अशी वेळ सेकंदाला आठ हजार वेळा येते. एसटी ठरलेल्या मिनिटाला सुटते आणि उशिरा आलेल्या प्रवाशासाठी परत येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आता ही वेळ कोण चुकवते? विंडोजमध्ये वाय-फाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स, बॅटरी यांचे ड्रायव्हर (ते ते उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम) आपापले तातडीचे काम प्रोसेसरकडून करून घेत असतात. त्या कामाला डीपीसी म्हणतात. एखाद्या ड्रायव्हरने त्या तातडीच्या रांगेत फार वेळ काढला, तर ध्वनीचा ड्रायव्हर मागे थांबून राहतो आणि तेवढ्यात इंटरफेसकडून आलेली माहिती वाया जाते. त्याचाच तुम्हाला ‘टक्’ ऐकू येतो. असा ड्रायव्हर असलेला लॅपटॉप महागडा असला तरी टकटक करणारच. गेमिंग लॅपटॉपमध्ये तर दोन ग्राफिक्स असतात आणि त्यांची आपसांतली अदलाबदल हे दिरंगाईचे नेहमीचे कारण आहे. शिवाय त्याचे पंखे एवढे मोठ्याने फिरतात की बैठकीच्या खोलीत ते तुमच्या चांगल्या माइकमध्ये हमखास उतरतील.

तेव्हा खर्च करण्याआधी मोजमाप करा. लेटन्सीमॉन नावाचे विंडोजसाठीचे साधन घरगुती वापरासाठी विनामूल्य मिळते. ते सुरू करून निदान अर्धा तास चालू ठेवा आणि त्या वेळात लॅपटॉप बैठकीत असतो तसाच असू द्या: तोच चार्जर, तोच इंटरफेस, मुद्रण चालू. मग ‘ड्रायव्हर्स’ हे पान उघडून सर्वाधिक वेळ कोणी घेतला ते पाहा. एनडीआयएस असे नाव वर दिसले, तर संशय नेटवर्कवर, म्हणजे बहुधा वाय-फायवर घ्यावा. एसीपीआय दिसले, तर बॅटरी आणि वीजव्यवस्थापनाकडे पाहावे. दिरंगाई ५०० मायक्रोसेकंदांच्या आत राहत असेल तर लॅपटॉप चांगला. ती वारंवार १००० च्या पुढे जात असेल तर कारण शोधायलाच हवे.

ते अर्ध्या सेकंदाचे भगदाड मात्र मला वेगळ्या जातीचे वाटते. एवढा मोठा तुकडा बहुतेक वेळा फाइल लिहिणे अडल्यामुळे किंवा रॅम अपुरी पडल्यामुळे जातो. तुम्ही मुद्रण कोणत्या फोल्डरमध्ये साठवता?

मंद्रसप्तक

तारयंत्र, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मुद्रण डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये होते आणि आपण विचारल्यावर आत्ता पाहिले, तर डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला आहे. लेटन्सीमॉन या आठवड्यात चालवून पाहतो.

तारयंत्र

मग पहिला उपाय तिथेच करा. सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून मुद्रण तिथे ठेवा. तो फोल्डर वनड्राइव्हच्या कक्षेत नको आणि विंडोज डिफेंडरच्या तपासणीतूनही त्याला वगळा. नाहीतर वाढत जाणारी फाइल एकीकडे वर चढवण्याचा आणि दुसरीकडे तपासण्याचा प्रयत्न ऐन बैठकीत चालू राहतो.

विंडोजची पुढची जुळवणी मी सलग लिहितो, कारण यातली प्रत्येक गोष्ट दुसरीला पूरक आहे.

पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ योजना दिसत असेल तर ती निवडावी. अनेक नव्या लॅपटॉपांत ‘बॅलन्स्ड’ ही एकच योजना दिसते. तिथे सेटिंग्जमधल्या पॉवर मोडला ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करावे. प्रगत पर्यायांमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे. ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ही बंद करावे. हे पर्याय बॅटरीवर असतानाचे वेगळे आणि चार्जर लावलेला असतानाचे वेगळे असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन्हीकडे बदल करावा लागतो. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या गुणधर्मांत जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा काढून घ्यावी. झाकण मिटल्यावर काहीही करू नये, स्क्रीन बंद झाली तरी लॅपटॉप झोपू नये, अशीही तजवीज करावी.

वाय-फाय नुसते तोडून भागत नाही, कारण ड्रायव्हर आजूबाजूची नेटवर्क शोधतच राहतो. बैठकीपुरते डिव्हाइस मॅनेजरमधून वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही ‘डिसेबल’ करावे. विंडोज अपडेट आठवडाभरासाठी थांबवून ठेवावे.

ध्वनीच्या बाबतीत इंटरफेसच्या कंपनीने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. एएसआयओ ही स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली पद्धत आहे आणि तिच्यात मुद्रणाची प्रणाली विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट इंटरफेसशी बोलते. यूएसबी ऑडिओ क्लास २ या सामाईक प्रमाणाचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१७ पासून अंगभूत आहे, त्यामुळे काही इंटरफेस काहीही न बसवता चालू होतात. तरी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर उपलब्ध असताना या अंगभूत ड्रायव्हरवर बैठक सोपवू नये, असे माझे मत आहे. तुमची प्रणाली एएसआयओ वापरत नसेल तर निदान एमएमई या विंडोजच्या जुन्या ध्वनिपद्धतीऐवजी वासापी ही नवी पद्धत निवडावी आणि विंडोज, इंटरफेस व प्रणाली या तिन्ही ठिकाणी ४८ किलोहर्ट्झ हेच माप ठेवावे. विंडोजचे स्वतःचे आवाज ‘नो साउंड्स’ करून टाकावेत आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद ठेवावीत.

आता बफर, म्हणजे आलेला ध्वनी प्रोसेसर उचलेपर्यंत तात्पुरता ठेवण्याची जागा. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले कीबोर्डवर आभासी वाद्ये वाजवणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. त्यांना कळ दाबताक्षणी आवाज हवा असतो, म्हणून ते ६४ किंवा १२८ नमुन्यांचा बफर ठेवण्यासाठी धडपडतात. ४८ किलोहर्ट्झला १२८ म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद. तुमच्या बैठकीत लॅपटॉपमधून आवाज परत ऐकण्याची कोणालाही गरज नाही. ऐकायचे असेलच तर इंटरफेसवरच्या ‘डायरेक्ट मॉनिटर’मधून ऐका, तो आवाज लॅपटॉपपर्यंत जातच नाही. म्हणून बफर निःशंकपणे १०२४ करा, म्हणजे प्रोसेसरला सुमारे २१ मिलिसेकंदांची सवड मिळेल. काही ड्रायव्हरांत यूएसबीचा आतला बफर वेगळा असतो आणि त्यासाठी ‘सेफ मोड’ किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. वरचा बफर मोठा करूनही टकटक राहते, तेव्हा हा आतला पर्याय पाहायचा राहून गेलेला असतो.

पैलतीर

मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या मराठी मंडळाच्या शास्त्रीय मैफलींचे मुद्रण करतो. तारयंत्र यांचे विवेचन अचूक आहे, परंतु नवा लॅपटॉप घेण्याची वेळ आलीच तर मॅकबुक एअरचा विचार जरूर व्हावा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एम-१ मॉडेलपासून एअरमध्ये पंखाच नाही. शांत खोलीत गायकापासून चार हातांवर लॅपटॉप ठेवता येणे ही मुद्रण करणाऱ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. क्लास कम्प्लायंट, म्हणजे यूएसबी ध्वनीचे सामाईक प्रमाण पाळणाऱ्या, इंटरफेसला मॅकवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि वर दिलेली वीजव्यवस्थापनाची लांबलचक उजळणीही बरीचशी टळते.

तारयंत्र

पैलतीर यांच्याशी मी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. मॅक म्हणजे निर्धोक असे सरसकट समजू नये. २०१८ मध्ये आलेल्या मॅकबुक प्रो, मॅकबुक एअर आणि मॅक मिनी या यंत्रांवर यूएसबी ध्वनीत खंड पडत असे आणि त्यात सुधारणा झाली ती मार्च २०१९ च्या मॅकओएस १०.१४.४ मध्ये, म्हणजे त्या काळात महागडे यंत्र हाती असूनही अनेकांचे मुद्रण बिघडत होते. जुन्या बाजारात हे इंटेलचे मॅक स्वस्तात मिळतात. ते घेतलेच तर प्रणाली त्या आवृत्तीच्या पुढची आहे ना, हे पाहावे. दुसरे असे की मॅकओएसची नवी मोठी आवृत्ती आली की लगेच चढवू नये. इंटरफेसच्या कंपनीने तिला मान्यता दिल्याचे जाहीर होईपर्यंत थांबावे.

ओवी_संग्रह

मी जात्यावरच्या ओव्या मुद्रित करते. बहुतेक काम मावळातल्या आणि मुळशीच्या खेड्यांत होते आणि गाणाऱ्या आजींच्या घरातच बसावे लागते. माझी अडचण थोडी वेगळी आहे. लॅपटॉपला चार्जर लावला की मुद्रणात ‘घूं’ असा सतत आवाज येतो आणि चार्जर काढला की तो थांबतो. चार्जर न लावता बॅटरी दोन तासांच्या पुढे जात नाही. एका इलेक्ट्रिशियनने चार्जरची जाड पिन काढून टाका असे सुचवले आहे. तसे करावे का?

तारयंत्र

ताई, कृपया तसे करू नका. ती जाड पिन अर्थिंगची आहे आणि चार्जरमध्ये दोष निर्माण झाला तर तुमचा, आणि माइक हातात घेतलेल्या आजींचाही, जीव तिच्यावर अवलंबून असतो.

चार्जर काढल्यावर आवाज थांबतो, म्हणजे माइक आणि इंटरफेस निर्दोष आहेत. कारण बहुधा दोनांपैकी एक असते. घरात अर्थिंगच नसेल, तर चार्जरमधली थोडी गळती लॅपटॉपच्या धातूच्या भागावर येते. हात फिरवल्यावर बारीक झिणझिण्या जाणवतात, ती हीच. किंवा मग दोन उपकरणे वेगवेगळ्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेली असतात आणि त्यांच्यात एक वेटोळे तयार होऊन ५० हर्ट्झची घरघर आत शिरते. दुसऱ्या प्रकारात सगळी उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतली की फरक पडतो. पहिल्या प्रकारात तुम्ही दुसऱ्याच्या घरी बसून फार काही करू शकत नाही. तेव्हा बॅटरीवरच मुद्रण करण्याची व्यवस्था वाढवावी: टाइप-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर पुरेशा वॉटचा पॉवर बँक घ्यावा. तो भिंतीला जोडलेला नसल्याने घरघर घेऊन येत नाही.

यूएसबी आयसोलेटर नावाची छोटी डबीही मिळते. तिच्यातले स्वस्त प्रकार सेकंदाला १२ मेगाबिटपुरतेच असतात आणि त्यावर हायस्पीड इंटरफेस चालत नाही, म्हणून विकत घेताना ‘हायस्पीड’ किंवा ४८० मेगाबिट असे स्पष्ट लिहिलेले पाहावे.

बॅटरीवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. एसीपीआयची दिरंगाई घालवण्यासाठी डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीची नोंद बंद करा, असा सल्ला काही ठिकाणी वाचायला मिळतो. तो चार्जर लावलेल्या लॅपटॉपसाठी आहे. बॅटरीवर असताना ती नोंद बंद केली, तर किती चार्ज उरला हे कळत नाही आणि लॅपटॉप इशारा न देता बंद पडतो.

ओवी_संग्रह

धन्यवाद. पिनेला हात लावणार नाही. झिणझिण्यांचा अनुभव मला काही घरांत येतो, त्यामुळे आपण सांगितलेले पहिले कारणच असावे. पॉवर बँकेचे पाहते.

जुनीवही

नव्याऐवजी वापरलेला लॅपटॉप घेण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. कंपन्यांनी भाडेकराराची मुदत संपल्यावर काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा मालिकांचे लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यातही पुष्कळ मिळतात. त्यांत यूएसबी-ए चे स्वतंत्र पोर्ट असतात आणि रॅम बहुधा वाढवता येते. शिवाय ते कार्यालयासाठी बनवलेले असल्याने त्यांत वेगळे ग्राफिक्स कार्ड क्वचितच असते.

दुकानात जाताना आपला इंटरफेस, त्याची केबल आणि लेटन्सीमॉन व ड्रायव्हर असलेला पेन ड्राइव्ह घेऊन जावे. दुकानदाराला आधीच सांगावे की मला अर्धा तास बसून तपासायचे आहे. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही आणि जो म्हणतो त्याच्याकडून घेऊ नये. बायोस (लॅपटॉप सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज) उघडते ना, तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हे पाहावे. तो पासवर्ड असेल तर ब्लूटूथ किंवा आतला कॅमेरा कायमचा बंद करण्यासारखे बदल करता येत नाहीत. इंटरफेस प्रत्येक पोर्टमध्ये लावून केबल हळूच हलवून पाहावी. कार्यालयातल्या लॅपटॉपचा एखादा पोर्ट रोजच्या घालण्या-काढण्याने सैल झालेला असतो आणि इंटरफेसची जड केबल तिथे टिकत नाही. शेवटी कान पंख्याजवळ नेऊन तो सतत फिरतो का, हे ऐकावे.

फक्त टाइप-सी पोर्ट असलेला लॅपटॉप घेणार असाल, तर चार्जर लावल्यावर इंटरफेससाठी मोकळा पोर्ट उरतो ना, एवढे मोजून घ्या. इंटरफेस शक्यतो हबशिवाय लावावा.

कळसूबाई

मंद्रसप्तक यांच्या जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स हाही पर्याय आहे, असे सुचवावेसे वाटते. क्लास कम्प्लायंट इंटरफेस लिनक्सवर ड्रायव्हर न बसवता चालतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) रिअल टाइमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम उरकण्याची, सोय मूळ कर्नलमध्येच समाविष्ट झाली आहे. आधी त्यासाठी वेगळा पॅच लावावा लागे. उबंटू स्टुडिओसारखी वितरणे ध्वनिमुद्रणाच्या तयारीनिशीच येतात आणि आर्डोर या मुद्रणाच्या प्रणालीत चार वाहिन्यांचे मुद्रण उत्तम होते. अट एवढीच की इंटरफेसचे सगळे नियंत्रण त्याच्या बटणांवर असावे. ज्यांचे मिक्सर कंपनीच्या विंडोज किंवा मॅकवरच्या प्रणालीतूनच चालतात, त्यांची काही अंगे लिनक्सवर हाताळता येत नाहीत.

तारयंत्र

कळसूबाई यांचा मुद्दा रास्त आहे, आणि मी स्वतः एक जुना लॅपटॉप तसाच वापरतो. मात्र या धाग्यातला लॅपटॉप अनेक शिष्य आळीपाळीने हाताळणार आहेत, असे दिसते. सगळ्यांना जी प्रणाली ओळखीची आहे तीच ठेवलेली बरी, कारण ऐन वेळी गडबड झाली तर जो हजर असेल त्याला ती सोडवता आली पाहिजे.

मंद्रसप्तक

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली, तिचा वृत्तांत देतो.

लेटन्सीमॉनमध्ये पहिल्याच काही मिनिटांत एनडीआयएसचा आकडा दोन हजार मायक्रोसेकंदांच्या वर गेला. वाय-फाय डिसेबल केल्यावर तो यादीत खाली गेला आणि सगळ्यांत वरचा आकडाही तीनशेच्या आत आला. वनड्राइव्हपासून फोल्डर वेगळा केला, बफर १०२४ केला, रूट हबचे बदल केले. त्यानंतर रियाजाचे दोन तास मुद्रित करून पाहिले आणि मोठे भगदाड कुठेही पडले नाही. तरीही दोनेक ठिकाणी बारीक टक् आहे असे मला वाटते, गुरुबंधूंना ते ऐकू येत नाही. तंबोऱ्याच्या आवाजात ते नक्की सांगता येत नाही. हे कानावर न सोपवता तपासण्याचा काही मार्ग आहे का?

तारयंत्र

आहे, आणि तो प्रत्येक नव्या जुळवणीनंतर वापरावा असा आहे.

मोबाइलवर १००० हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवणारे कोणतेही अ‍ॅप घ्या, मोबाइल विमान मोडवर टाका आणि हेडफोनच्या छिद्रातून केबलने तो स्वर इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये सोडा. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. बैठकीइतका वेळ, म्हणजे तीन तास, हे मुद्रण चालू राहू द्या आणि त्या वेळात लॅपटॉपला हात लावू नका. नंतर ती फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत उघडून तरंगाऐवजी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कंप्रता आहेत याचे चित्र, पाहा. शुद्ध स्वर म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर एकच आडवी तेजस्वी रेघ. जिथे एक नमुना जरी हरवला असेल, तिथे त्या रेघेतून वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी चीर उठलेली दिसते, कारण तुटलेल्या लहरीत क्षणभर सगळ्या कंप्रता मिसळतात. त्या जागी भिंग वाढवत नेले की गोलाईदार लाटेत एक पायरी पडलेली स्पष्ट दिसते. तंबोऱ्यात जे कानाला संशयास्पद वाटते ते इथे डोळ्यांना लपत नाही. ऑडॅसिटीत मुद्रण करताना ‘डिटेक्ट ड्रॉपआउट्स’ हा पर्यायही चालू ठेवता येतो, पण तिच्या स्वतःच्या लक्षात आलेले खंडच ती नोंदवते. ड्रायव्हरच्या आत जे हरवले ते तिला कळत नाही. म्हणून उभ्या चिरेवर माझा जास्त भरवसा आहे.

चिरा दिसल्या तर त्यांच्यातले अंतर मोजा. त्या ठरावीक अंतराने येत असतील, तर पार्श्वभूमीवर ठरावीक वेळाने जागे होणारे काहीतरी आहे. अनियमित असतील, तर केबल, पोर्ट आणि हब आधी तपासा.

मंद्रसप्तक

परीक्षा घेतली. तीन तासांच्या रेघेत चार उभ्या चिरा दिसल्या, सगळ्या अनियमित. आमचा इंटरफेस एका हबमध्ये होता आणि त्याच हबमध्ये माऊस आणि पेन ड्राइव्हही होते. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या डाव्या पोर्टला लावला, हब काढून टाकला आणि सोबतची सैल केबल बदलून दीड मीटरची नवी केबल घेतली. आता तीन तासांत एकही चीर नाही. नवा लॅपटॉप घेण्याचा विचार आम्ही सोडला आहे. रॅम तेवढी १६ जीबी करणार आहोत.

एकच शंका राहिली. बैठक कधीकधी साडेतीन तास चालते आणि भैरवी अर्थातच शेवटी असते. चारही वाहिन्या एकाच वेव्ह फाइलमध्ये मुद्रित केल्या तर चालेल ना?

तारयंत्र

नाही, आणि ही शंका वेळेवर विचारलीत. नेहमीच्या वेव्ह फाइलमध्ये आकारमान ३२ बिटांत लिहिले जाते, त्यामुळे ती ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. चार वाहिन्या, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या हिशेबाने ही मर्यादा दोन तास चार मिनिटांच्या सुमारास येते. त्यापुढे काही प्रणाली फाइल आपोआप तोडतात, तर काहींत पुढचा भाग नंतर उघडतच नाही, आणि भैरवी नेमकी त्यात असते. प्रत्येक माइकची फाइल वेगळी ठेवली, तर एकवाहिनी फाइल आठ तासांच्या पुढे पुरते. रीपरसारख्या प्रणालीत प्रत्येक ट्रॅकला एकच माइक नेमून दिला की तसेच होते. एकच फाइल हवी असेल तर आरएफ६४ किंवा वेव्ह६४ हा प्रकार निवडा.

मध्यंतर होईल तेव्हा मुद्रण थांबवून फाइल बंद करा आणि नवी सुरू करा. लॅपटॉप अचानक बंद पडला तर उघडी असलेली फाइल अर्धवट राहते आणि तिची दुरुस्ती दर वेळी साधतेच असे नाही. बंद केलेली फाइल मात्र शाबूत असते. त्याचबरोबर इंटरफेसच्या लाइन आउटमधून एक केबल काढून एखाद्या हातात मावणाऱ्या रेकॉर्डरमध्ये दोन वाहिन्यांचे समांतर मुद्रण चालू ठेवा. तो रेकॉर्डर स्वतःच्या बॅटरीवर आणि स्वतःच्या कार्डावर चालत असल्यामुळे लॅपटॉपचे काहीही झाले तरी बैठक हातात राहते. फक्त इंटरफेसची वीज लॅपटॉपच्या यूएसबीवरून येत असेल, तर लॅपटॉप बंद पडताच लाइन आउटही गप्प होईल. तुमच्या इंटरफेसला वेगळा अ‍ॅडॉप्टर लावता येत असेल तर तो लावून बसा. नसेल तर रेकॉर्डरचे स्वतःचे माइक गायकाच्या दिशेने करून तो वेगळाच ठेवा.

मंद्रसप्तक

आमच्या इंटरफेसला अ‍ॅडॉप्टरची जागा आहे, तो आजवर वापरला नव्हता. एका गुरुबंधूकडे रेकॉर्डर आहे, तो मागून घेतो. पुढच्या बैठकीला प्रत्येक माइकची वेगळी फाइल आणि अ‍ॅडॉप्टरवर इंटरफेस अशी मांडणी करतो आणि त्याआधी सकाळी पुन्हा एकदा हजार हर्ट्झची रेघ तपासून घेतो.